एक पत्रा, अनेक रंग



चित्रकलेवर एका युनियनवाल्याने काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा छापखान्यात अधिक झाले; आणि आज ज्यांच्याविषयी बोलायचे ते कृष्णा रेड्डी हेही छापणारेच होते.

त्यांचा जन्म १९२५ साली चित्तूर जिल्ह्यातील नंदनूर गावी झाला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकून ते लंडनला व तेथून पॅरिसला, हेटर यांच्या ‘अतलिए १७’ या कार्यशाळेत गेले.

चार रंगांत छापायचे तर आपल्याकडे चार पत्रे लागतात. रेड्डींनी एकाच पत्र्यावर सारे रंग चढवून एकाच दाबात छाप काढला. पत्रा शिल्पासारखा कमीअधिक खोल कोरायचा. शाईत जवसाचे तेल कमीजास्त घालून एक पातळ, एक दाट ठेवायची. कठीण रूळ उंचवट्यांवर पातळ शाई लावतो. मऊ रूळ दाट शाई घेऊन खोलगटात उतरतो. पातळ शाईवर दाट शाई चढत नाही, म्हणून रंग एकमेकांत कालवत नाहीत. या शोधात मुंबईच्या कैको मोतींचा आणि हेटर यांचाही वाटा होता. कार्यशाळेतला शोध एकाच्या नावे लावू नये, असे माझे मत आहे.

या रीतीने त्यांनी काय छापले? कीटक, मासा, लाट, बीजाचे अंकुरणे, आपली रांगणारी मुलगी. जीव कसा वाढतो, पाणी कसे उसळते, याचा शोध त्यांनी पत्रा कोरून घेतला. १९६८ साली पॅरिसमध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी ‘निदर्शक’ हे चित्र केले. माणसांच्या जमावाकडेही ते एखाद्या जिवंत शरीराकडे पाहावे तसे पाहत होते.

एक कबुली देतो. एका संपात मी मतभेदाला फितुरी समजलो. साऱ्यांनी एका रंगाचे व्हावे, असा माझा हट्ट होता. त्यात चांगले सहकारी गमावले आणि संपही गेला. रेड्डींची रीत समजली तेव्हा मला तो संप आठवला. शाई शाईला गिळत नाही, तरी छाप एकच उठतो. हे आम्हांला साधले नव्हते.

रेड्डी २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांचा एखादा छाप कोठे पाहायला मिळाला, तर त्यातले रंग जवळ जाऊन पाहा, एवढीच विनंती.