गहाण पडलेल्या मुलखात आपलं स्वागत



 १८९७ साली इथे अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. स्वागताध्यक्षाची ही खुर्ची मला सैल होणारच. पण जुन्या राजवटींच्या कर्जाचा विचार करायला तुम्ही अर्थशास्त्राच्या मंडळींनी गाव नेमकं निवडलंत. आमचा अख्खा मुलूखच एकदा कर्जापायी गहाण पडला होता.

त्या कर्जाचं मूळ म्हणजे हैदराबाद कंटिंजंट ही फौज. हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाच्या माथी. पगार तुंबले, ईस्ट इंडिया कंपनीने पैसे घातले, थकबाकी चढत गेली. १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यापायी निजामाकडून वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेतले. १८६० साली पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड अडकलं ते अडकलंच. कर्ज गेलं, गहाण सुटेना! ते सोडवायला निजामाचे दिवाण सालारजंग यांनी लंडनपर्यंत जाऊन पाहिलं. शेवटी १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. या सगळ्यात सारा भरत राहिला कापूस पिकवणारा कुणबी. त्याला कोणी काय विचारलं होतं?

बापाने दारू-जुगारापायी केलेलं कर्ज मुलाने फेडू नये, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. राष्ट्रांच्या बाबतीत कायदेपंडित अलेक्झांडर सॅक यांनी १९२७ साली जवळपास हेच म्हटलं: प्रजेच्या हिताविरुद्ध काढलेलं आणि सावकारालाही ते ठाऊक असलेलं कर्ज त्या राजवटीचं, देशाचं नव्हे. मला हे पटतं. पण मी जिनिंगचा धंदा करणारा माणूस. एकदा पत गेली की पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही, हेही जाणतो. १९२२च्या गया काँग्रेसने, यापुढे सरकार काढील त्या कर्जाला राष्ट्र बांधील नाही, असा ठराव केला. राज्य हाती आल्यावर मात्र आपण जुनी देणी अंगावर घेतली. त्यातले पाकिस्तानच्या वाट्याचे तीनशे कोटी आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदांत वर्षानुवर्षं ‘येणे’ दिसत राहिले. पाकिस्तानला दिलेले पंचावन्न कोटी आपल्याकडे पोराटोरांना पाठ. या तीनशे कोटींचं नाव कोणी काढत नाही.

तेव्हा कोणतं कर्ज फेडायचं आणि कोणतं नाकारायचं, हे ठरवायचं कोणी, यावर दोन दिवस कडाकडा भांडा. दुपारच्या जेवणात पाटवडीचा झणझणीत रस्सा आहे. त्यानंतरच्या सत्रात कोणाला डुलकी लागली, तर ते देणं स्वागत समितीच्या नावावर मांडू नये, एवढीच विनंती.