नवा पेन यायचा आहे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी नोंदणीच्या टेबलावर सही करायला मी खिशातून पेन काढला आणि टोपण फिरवू लागलो, तर मागून आवाज आला, "अबे, अजून शाईचाच पेन वापरतं का तू?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मंग खिसा दाखव." खिसा कोरा होता, डाग नव्हता. पण त्याने विचारलं ते बरोबरच. आपल्या वेळी शाळा सुटली की कोणाचा सदरा निळा झाला नाही, असा दिवस नव्हता.

आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. खरं तर आज भाषण करायचं नव्हतं, एक वस्तू द्यायची होती. आपल्या बॅचतर्फे गुरुजनांना हाताने घडवलेला शाईचा पेन द्यायचा, असं आम्ही ठरवलं होतं. तो पेन आला नाही. का आला नाही, ते सांगतो. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

आठवीत गेलो तेव्हा मला हिरोचा पेन पाहिजे होता. वर्गात दोघातिघांकडेच होता. सोनेरी टोपणाचा, चिनी. मी घरी हट्ट धरला. बाबा म्हणाले, "चुकारा येऊ दे, मंग पाहू." इथे बसलेल्यांना चुकारा म्हणजे काय ते सांगायला नको, पण आपली मुलं ही स्मरणिका वाचतील म्हणून सांगतो. 1972 पासून आपल्या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस फेडरेशनलाच द्यायचा. बंड्या भरून जिनासमोर रांग लावायची, रात्र बंडीखाली काढायची, ग्रेडरने हात घालून प्रत ठरवायची, आणि मग पैशाची वाट पाहायची. पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. त्या पैशावर किराण्याची उधारी, बहिणीचं लग्न, बैलाची जोडी आणि माझा पेन, असे सगळे रांगेत उभे होते. माझा नंबर शेवटचा.

म्हणजे नव्या पेनची वाट पाहणं मी तेव्हापासून करतो आहे. आज जगभर पेनाची आवड असलेली माणसं हेच करतात. फक्त त्यांचा चुकारा वेगळा असतो.

शेवटी पेन आला. हिरो नव्हता. बाबा अमरावतीहून राजकमल चौकाजवळून एक साधा, जाड, काळा पेन घेऊन आले. मागचा भाग फिरवून उघडायचा आणि ड्रॉपरने शाई भरायची. मी हिरमुसलो, पण दोन दिवसांत त्याच्या प्रेमात पडलो.

आता थोडं पेनाबद्दल. शाईच्या पेनात यंत्र असं काहीच नाही. निपेला मधोमध एक बारीक चीर असते आणि निपेखाली काळी जीभ असते. जिभेला बारीक खाचा असतात. खाचांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. शाई उतरायची तर हवेला वाट मिळालीच पाहिजे, एवढंच ते गुपित. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने अशा जिभेचं पेटंट 1884 साली घेतलं आणि तिथून शाईचा पेन भरवशाचा झाला. आपले खिसे निळे का व्हायचे, तेही यातच आहे. पेनातली शाई अर्ध्याखाली गेली की वर हवा साठते. अंगाच्या, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून पेन भरलेला असताना गळायचा नाही, संपत आला की ओकायचा. आपण मात्र मार खाल्ला धांदरटपणाबद्दल.

त्या शाईचीही गोष्ट आहे. 1931 साली मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. घोडा छाप. पुढे कॅमल शाई आली आणि कॅमल व इंक यांतून कॅम्लिन हे नाव झालं. आपल्या कंपासपेटीवरचा उंट तो हाच. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम नावाच्या कारागिराने संपूर्ण स्वदेशी पेन केला आणि गांधीजींना पाठवला. गांधीजी 1935 साली वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी पत्र लिहून पेन पावल्याचं आणि तो चांगला चालत असल्याचं कळवलं. आपल्यापासून वर्धा किती लांब? याच गांधीजींच्या नावाने 2009 साली माँ ब्लाँ कंपनीने सोन्याचा पेन काढला. दांडीयात्रेचे मैल 241, म्हणून पेनही 241. किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या न्यायालयात तक्रार गेली आणि दुसऱ्या वर्षी आपल्या देशात त्याची विक्री थांबवावी लागली. छंद आहे म्हणून सगळंच चांगलं म्हणायचं, असं मी करत नाही.

आमच्यासारख्या वेड्यांचं वाट पाहणं कसं असतं, त्याचा एक नमुना सांगतो. पार्कर 51 हा पेन 1941 साली बाजारात आला. निप जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोपण नुसतं सरकवून बसवायचं. आपल्याकडचे हिरो त्याच्याच वळणाचे. पुढे तो बंद झाला. कंपनी तो पुन्हा काढणार असं कळलं, तेव्हा जगभरची माणसं चित्रं पाहून महिनोन्महिने भांडली. रंग कोणते, निप सोन्याची का पोलादाची, शाई कशी भरायची. 2021 साली पेन आला. टोपण फिरवून लावायचं निघालं! अर्धे लोक नाराज. मीही नाराज झालो. मग विचार केला की माझ्याकडे जुना पार्कर 51 कधी नव्हताच, मी हळहळतो कशासाठी? तेव्हा लक्षात आलं, माणूस नव्या पेनाची वाट पाहतो असं म्हणतो, पण त्याच्या मनात बहुतेक वेळा एक जुनाच पेन असतो.

माझ्या मनातला जुना पेन म्हणजे बाबांनी आणलेला तो काळा पेन. त्याच्याबद्दल मला आज एक गोष्ट कबूल करायची आहे.

नववीच्या सहामाहीत माझ्या बाकावरच्या मित्राने पेपर सुरू असताना माझा पेन मागितला. त्याचा बंद पडला होता. माझा पेपर लिहून झाला होता, मी दिला. परत आला तेव्हा निपेची दोन्ही पाती फाकलेली होती. मी रडलो, भांडलो आणि सरांकडे तक्रार केली की याने मुद्दाम मोडला. त्याला छड्या बसल्या. सरांचा दोष नाही, त्यांच्यापुढे मी मोडका पेन आणि रडका चेहरा घेऊन उभा होतो. त्यानंतर दहावी होईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि तो शेतीत लागला. मी अमरावतीला, तिथून पुढे नोकरीला गेलो.

मोडका पेन मात्र मी टाकला नाही. पुष्कळ वर्षांनी पेनाचा नाद लागला, तेव्हा तो एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी पाण्यात भिजवून निप आणि जीभ ओढून काढली. जिभेच्या खाचांमध्ये काळपट चिकट गाळ भरलेला होता. ते म्हणाले, "दोन जातीच्या शाया मिसळल्या होत्या का? फाटल्यात या. शाई उतरतच नसेल. लिहिणारा दाबणार नाही तर काय करणार?"

मला आठवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री घरची निळीकाळी परमनंट शाई संपत आली होती, म्हणून मी तिच्यात गोळी विरघळवलेली शाई ओतली होती. म्हणजे पेन मीच बिघडवला होता. माझा पेपर कसाबसा निघाला आणि त्याच्या हातात गेल्यावर तो पुरता अडला. तो दाबून लिहीत राहिला, कारण त्याच्या समोर पेपर होता आणि वेळ संपत होती. त्या पेपरात त्याला किती मार्क मिळाले, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

हे कळूनही मी काही वर्षं गप्प बसलो. इतक्या जुन्या गोष्टीसाठी फोन काय करायचा, असं वाटायचं. मेळाव्यासाठी नंबर गोळा झाले, तेव्हा एकदाचा केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पेनचं मले काईच आठवत नाही बे." मी सुटकेचा श्वास घेतला. मग तो म्हणाला, "छड्या आठवते."

एवढंच बोलला. मग पऱ्हाटीवर बोंडअळी किती आहे, त्यावर आम्ही अर्धा तास बोललो.

आता आजच्या पेनकडे येतो. दक्षिणेत अजून काही कारागीर इबोनाइटच्या कांडीपासून लेथवर एकेक पेन हाताने कातून काढतात. इबोनाइट म्हणजे गंधक घालून तापवून कडक केलेलं रबर. तापलेल्या हातातही ते पटकन तापत नाही आणि घामाने निसटत नाही. अशाच एका कारागिराकडे आपण बावीस पेन सांगितले. नक्षा आपणच ठरवायचा होता. ग्रुपवर तीन महिने काय भांडणं झाली, ते तुम्हाला माहीत आहे. काळा की हिरवा? क्लिप ठेवायची की नाही? ड्रॉपरने भरायचा की आत नळी पाहिजे? निप बारीक की मध्यम? मी मध्यम म्हटलं, कारण देवनागरीला शिरोरेघ आडवी ओढावी लागते आणि बारीक निप साध्या कागदावर खरखरते. एकाने सुचवलं, टोपणावर खंडेश्वराच्या मंदिराचं चित्र कोरू. हेमाडपंती मंदिर बोटभर टोपणावर कसं बसणार, यावर दोन दिवस गेले. शेवटी साधा काळा ठरला.

पहिला नमुना तयार झाला. कारागिराने फोटो आणि मापं पाठवली. सगळ्यांनी वा वा केली. माझ्या त्या मित्राने ग्रुपवर तोवर एक शब्द लिहिला नव्हता. त्या रात्री त्याचा आवाजाचा निरोप आला. "पेन चांगला आहे. पण धरायची जागा बारीक वाटते. सरायचे हात आता थरथरत असतीन. अन् आपली बोटंबी जाड झाली. जाड ठेवा."

सगळ्या ग्रुपमध्ये हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही पेनाकडे पाहत होतो, हा हातांकडे पाहत होता. कारागिराला विचारलं. तो म्हणाला, करतो, पण धरायची जागा जाड केली की टोपणही मोठं करावं लागेल, पुन्हा पहिल्यापासून कातावं लागेल. आम्ही म्हटलं, करा. म्हणून पेन आजच्या दिवशी पोचले नाहीत. उशीर कारागिराचा नाही, आपला आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे.

तेव्हा गुरुजनांनो, आज तुमच्या हाती फक्त नारळ आणि शाल आहे. पेन दिवाळीनंतर येतील. कुरियरने पाठवणार नाही, प्रत्येकाच्या घरी कोणीतरी घेऊन येईल. सोबत एकाच जातीची शाई असेल. कृपा करून तिच्यात दुसरी मिसळू नका, अनुभव सांगतो आहे.

आणि मित्रांनो, घरी कपाटात, जुन्या कंपासपेटीत एखादा वाळलेला पेन असेल तर फेकू नका. साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. गरम पाणी नको, स्पिरिट नको. सकाळी पाणी बदला, पुन्हा ठेवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. दहातले पाच-सहा पेन यानेच सुरू होतात. उरलेले माझ्याकडे द्या.

बावीसपैकी एक पेन मी त्या मित्राच्या नावाने सांगितला आहे. त्याला हे आता इथेच कळतं आहे. तो मागच्या रांगेत, दाराजवळ बसला आहे. त्याने माझी माफी मंजूर केली की नाही, ते मला माहीत नाही आणि त्याला सगळ्यांसमोर विचारायचंही नाही. पेन आला की मी गावी येईन. त्याच्या ओसरीवर बसून पहिली शाई त्यानेच भरायची आणि पहिली ओळ त्यानेच लिहायची. त्याला पाहिजे तेवढी दाबून.