ताण नेमका कुणाला?

आम्ही सरकारी कर्मचारी नेहमी म्हणतो, "ताण काय तो साहेबांना!" पण लंडनमध्ये सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी झाली, तेव्हा उलटेच दिसले. हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण साहेबांपेक्षा शिपाई-कारकुनांत कितीतरी जास्त होते. विडी-सिगारेट, रक्तदाब धरूनही हिशेब पुरता जुळेना. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत एक कारण पुढे आले: स्वतःच्या कामात स्वतःला काही विचारले न जाणे.

असा ताण रोजचा झाला की रक्तदाब वाढतो, झोप उडते, हृदय थकते. योगासने, फिरणे चांगलेच, पण हाताखालच्या माणसाला, घरात सुनेला, मुलांना "तुम्हाला काय वाटते?" असे आपण विचारू या. ह्या औषधाला पैसे पडत नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!