उपरोध : निःशस्त्राचे शस्त्र



जुलमी सत्ता माणसाचे स्वातंत्र्य हिरावते, तशीच त्याची भाषाही ताब्यात घेते. हिटलरच्या जर्मनीत ही प्रक्रिया दिवसेंदिवस टिपून ठेवली ती व्हिक्टर क्लेम्पेरर या भाषापंडिताने. जन्माने ज्यू असलेले क्लेम्पेरर पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढले होते. तरीही १९३५ साली ड्रेस्डेन येथील प्राध्यापकपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. पुढे मोटार चालविण्याचा परवाना गेला, रेडिओ गेला, राहते घर सुटले, टंकलेखन यंत्रही गेले. १९४२ साली ज्यूंना पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा घरच्या मांजरालाही मृत्यूच्या स्वाधीन करावे लागले.

त्याच वर्षी त्यांनी या साऱ्या बंदींची क्रमांकवार यादी रोजनिशीत लिहिली. फुले विकत घेण्यास मनाई, हीही त्यात एक. बलाढ्य साम्राज्याला साठीच्या गृहस्थाच्या हातातील फुलांचे भय वाटावे! यावर निराळे भाष्य ते काय करायचे? नुसती नोंद हाच उपरोध.

नाझी राजवटीला आद्याक्षरी नावांचे विलक्षण वेड होते. क्लेम्पेरर यांनी तिच्या भाषेवरील टिपणांना तसेच भारदस्त नाव दिले : ‘एल.टी.आय.’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘तिसऱ्या साम्राज्याची भाषा’. आरंभी ते केवळ विडंबन होते. पुढे तेच आत्मरक्षणाचे साधन झाले. ‘माथेफिरू’ या अर्थाचा शब्द राजवटीने गौरवपर केला. अतिवापराने तोही झिजला आणि त्यापुढे आणखी जहाल विशेषणे जोडावी लागली, हे त्यांनी नेमके हेरले.

हा विनोद सुखवस्तू नव्हता. एक पान सापडले असते तरी प्राणांशी गाठ होती. ज्यू नसलेल्या त्यांच्या पत्नी एव्हा ती पाने पिर्ना येथील एका डॉक्टर मैत्रिणीकडे लपवून पोहोचवीत. रोजनिशीत भीतीही आहे, निराशाही आहे. पण भीतीच्या भरात सत्तेचे शब्द खरे मानणे मात्र नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बवर्षावाने ड्रेस्डेन बेचिराख झाले आणि त्या गोंधळातच हे दांपत्य निसटले. ‘एल.टी.आय.’ १९४७ साली ग्रंथरूपाने आले; रोजनिशी मात्र क्लेम्पेरर यांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, १९९५ साली प्रकाशित झाली.

सर्वस्व गमावलेल्या या माणसाने विवेक गमावला नाही. घोषणांच्या कोलाहलात प्रत्येक शब्द पारखून घेणे, हाच त्याच्या हसण्याचा वारसा होय.