प्रशिक्षण झाले, पुढे काय?

आपल्यापैकी कित्येकींचा युद्धालाच विरोध आहे. तरीही वस्तीतल्या मुली भरतीचे अर्ज घेऊन आपल्याकडे येतात. ‘घेतात ना मुलींना!’ एवढ्यावर समाधान मानू नका. प्रशिक्षणानंतर कोणते काम निवडता येईल, ते विचारा.

भूदलाने जवान म्हणून मुली प्रथम घेतल्या त्या लष्करी पोलीस दलात. ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरला तयार झाली. मुलांपुढे पायदळ, तोफखाना, सिग्नल्स अशा अनेक वाटा. मुलींना तेव्हा ही एकच.

कामाच्या निवडीवर बढती ठरते, हुकूम देण्याचा अधिकारही. वैद्यकीय शाखांबाहेर अधिकारी म्हणून स्त्रिया १९९२ पासून घेतल्या, पण नेतृत्वाची पदे नाकारली. खेड्यांतून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असे सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते फेटाळले. आपल्या सरपंच बायांनी हेच कारण किती वेळा ऐकले आहे!

अर्ज भरायला मदत कराच. पण जाहिरातीत ‘फक्त पुरुष’ दिसले, की तिथे बोट ठेवून कारण विचारा.