आधी सोबत चाला, मग ताल धरा

मायबहिणींनो,

आम्ही पाच मैत्रिणी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. उद्या प्राथमिक शाळेत शिकवणार. त्याबरोबर गाण्याच्या परीक्षाही देतो. कुणी पेटी वाजवते, कुणी तबला. आज तुम्हाला आमची एक चूक सांगायची आहे, आणि ती कुणी सुधारली तेही.

शिकवण्याच्या सरावासाठी आम्ही धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत होतो. रोज सकाळी पेटी उघडायची, प्रार्थना सांगायची. मुलं नुसते ओठ हलवायची. आम्ही आपसात म्हणायचो, लाजरी आहेत. तिसरीतली एक मुलगी मात्र जेवणाच्या ताटलीवर बोटांनी ठेका धरायची. तो आमच्या गाण्यात बसेना. आम्ही म्हणालो, "थांब, ताल चुकतोय." ती थांबली. पुढे चार दिवस तिनं ना ताटलीला हात लावला, ना तोंड उघडलं.

मग होळी जवळ आली. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो, हे तुम्हाला सांगायला नको. आम्हीही गेलो. ढोल घुमत होते, आणि ती मुलगी मावशीचा हात धरून नाचणाऱ्या बायांच्या रांगेत होती. ताटलीवरचा तोच ठेका तिच्या पायात होता! आम्ही कडेला उभ्या राहून टाळ्या द्यायला गेलो, तर टाळी कधी पुढे पडायची, कधी मागे. परीक्षेत तीनताल, झपताल हातावर मोजून दाखवणाऱ्या आम्ही, तिथं एक टाळी जागेवर पडेना. मावशी पावरीत काही बोलल्या. मुलीनं आम्हाला मराठीत सांगितलं, "टाळ्या नका वाजवू. आधी आमच्यासोबत चाला."

आम्ही रांगेत शिरलो. पाऊल चुकलं तरी कुणी थांबवलं नाही, कुणी हसलं नाही. शेजारणीच्या हाताच्या ओढीनं कळायचं, आता पुढे, आता मागे. बऱ्याच वेळानं पाय लागले, आणि मग टाळी आपोआप जागेवर आली.

त्या रात्री आम्ही पाचही जणी बोलत बसलो. परीक्षेत आपण एकेकटीनं गातो, गुण एकेकटीला मिळतात. त्यामुळे एकत्र गातानाही प्रत्येकीला आपलाच आवाज वर हवा असतो. रांगेत तसं चालत नाही. तिथं आधी शेजारणीचं ऐकावं लागतं. जात्यावरही हेच होतं ना? दोघी दळायला बसल्या की एकीनं ओवी काढायची, तिचा दम सरला की दुसरीनं उचलायची. गी पॉइतव्हॅँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बाया कुठल्या वर्गात गाणं शिकल्या नव्हत्या. एकमेकींचं ऐकत शिकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलीची माफी मागितली आणि तिच्या मावशीला शाळेत बोलावलं. त्या एकट्या आल्या नाहीत, चौघी आल्या. दोघींनी गाण्याची ओळ म्हणायची, दोघींनी उचलायची. आम्ही पेटीवर सूर शोधायला लागलो. त्यांचा सूर आमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा बराच वर होता, आणि काही सूर तर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडत होते. शेवटी पेटी बंद केली. तेव्हा लक्षात आलं, मुलं मोठ्यानं गाताहेत. रोज ओठ हलवणारी तीच मुलं! ती लाजरी नव्हतीच. आमचं गाणं त्यांच्या भाषेतलं नव्हतं, आणि त्यांचं आम्ही कधी विचारलं नव्हतं. ती मुलगी ताटली घेऊन पुढे बसली होती. आमचा शब्द चुकला की ती थांबायची नाही, तोच शब्द पुन्हा जोरात म्हणायची. शिकवावं कसं, हे आम्हाला तिनं दाखवलं.

सगळं सुटलं असं नाही. पावरी आम्हाला अजून नीट येत नाही. पण आम्ही पाच जणींनी ठरवलंय : नोकरी कुठंही लागो, पहिल्या आठवड्यात आपलं गाणं शिकवायचं नाही. आधी मुलांचं गाणं शिकायचं.

आता तुमच्याकडे एक मागणं. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे शाळेत बोलायचा तुम्हाला हक्क आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा : महिन्यातून एकदा गटातल्या दोघी-तिघींनी शाळेत जायचं आणि एक गाणं मुलांसोबत म्हणायचं. लग्नातलं असो, होळीचं असो, शेतातलं असो. भिलोरी, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, जी घरची बोली असेल त्या बोलीत. "आम्ही अडाणी, आम्हाला काय येतं," असं म्हणू नका. गुरुजींना किंवा बाईंना ते गाणं येत नसेल, तर त्यांनाही रांगेत घ्या.

आमच्यासारखी एखादी नवीन बाई कडेला उभी राहून चुकीच्या टाळ्या वाजवताना दिसली, तर तिला सांगा, आधी आमच्यासोबत चाल.