नाकावर किती विसंबायचं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



घरातल्या धोकादायक पदार्थांची यादी करायला बसलो तर आजची संध्याकाळ पुरणार नाही. म्हणून मी तीनच वायू निवडले आहेत. पहिला आपण विकत आणतो, दुसरा नकळत तयार करतो आणि तिसरा डोळ्यांदेखत जळणाऱ्या ज्योतीतून निघतो. तिन्हींच्या बाबतीत आपली सारी भिस्त नाकावर असते. ती कुठवर ठेवायची, हा आजचा विषय.

पहिला स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला जाणवणारा उग्र वास इथिल मरकॅप्टनचा असतो आणि तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामागं एक शोकांतिका आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, न्यू लंडन इथल्या शाळेखाली नैसर्गिक वायू गळून साठत गेला. वास नव्हता, त्यामुळे कुणाला सुगावा लागला नाही. स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण दगावले. त्यातली बहुतेक लहान मुलं होती. त्यानंतर टेक्सासनं कायदा करून गॅसला वास देणं सक्तीचं केलं आणि पुढं ही पद्धत इतरत्रही रुजली. आपल्या ओट्याखालचा तो वास अशा किमतीला मिळालेला आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही. जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, फ्रिजखाली दबा धरून बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघराचा हिशेब केला, तर त्यासाठी किलोभर गॅस पुरेसा होतो. आपल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. शिवाय तो खोलीभर सारखा पसरत नाही, म्हणून खालच्या थरात धोका त्याच्याही आधी तयार होतो.

वास आला की पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. तोच आवरायचा. बटणात ठिणगी पडते. चालू करतानाही आणि बंद करतानाही. दिवा लागलेला असेल तर लागलेला राहू द्या, विझलेला असेल तर विझलेला. एक्झॉस्ट पंखा लावू नका. पेटती ज्योत, समई, उदबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर आल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा. फ्रिज आपोआप चालू होतो, हेही ध्यानात असू द्या. मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथूनच वीज तोडा.

एरवीची तपासणीही सोपी आहे. साबणाचं पाणी रेग्युलेटरच्या आणि नळीच्या जोडावर लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार कधीही करू नका. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, मग ती दिसायला कितीही धड असो. आणि नाकाची एक मर्यादा ओळखा: सर्दीत वास येत नाही, वयोमानानं घ्राणशक्ती मंदावते आणि त्याच हवेत बराच वेळ बसलेल्या माणसाचं नाक सरावतं. बाहेरून आलेला माणूस ‘वास येतोय’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

दुसरा वायू क्लोरीन. तो बाटलीवर लिहिलेला नसतो. संडासाच्या भांड्यात अ‍ॅसिड ओतलं, डाग निघेना म्हणून वरून ब्लीच ओतलं, की तो तयार होतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला वायू हाच. इथं नाक सावध करतं, पण उशिरा. वास झोंबतो तेव्हा वायू छातीत उतरू लागलेला असतो. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. धाप, खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा, कारण फुप्फुसांना झालेली इजा कधीकधी काही तासांनी दिसते. दोन क्लीनर कधीही एकत्र करू नका. आणि सुटं अ‍ॅसिड सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरातलं लेकरू ती बाटली ओळखतं, आतलं द्रव्य ओळखत नाही.

तिसरा कार्बन मोनॉक्साइड. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरची ज्योत हवेतला प्राणवायू संपवत जाते, तशी ती अर्धवट जळू लागते आणि हा वायू निघतो. मरकॅप्टनही ज्योतीत जळून जातं, म्हणजे मुद्दाम दिलेली सूचनाही नाहीशी होते. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घेण्याची रीत आहे. निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो, आणि त्या खोलीत तान्हं बाळ असतं. शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून द्या आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.

नाक पहिल्या वायूला ओळखतं, दुसऱ्याला उशिरा ओळखतं, तिसऱ्याला ओळखतच नाही. म्हणून जिथं ज्योत जळते आणि जिथं रसायनं वापरली जातात, तिथं हवा खेळती ठेवणं हीच खरी सुरक्षा. माझी विनंती एवढीच: हे घरातल्या एकट्या गृहिणीला सांगून थांबू नका. स्वयंपाकाच्या मावशी, सफाईला येणारी माणसं, आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं, सगळ्यांना सांगा. आज घरी गेल्यावर गॅसच्या नळीवरचं साल पाहा आणि बाथरूमची खिडकी नीट उघडते का, तेही पाहा.